माफीचा कागद

अबुधाबी
१९ ऑक्टोबर २०२४

चि. आभास,

काकाचा आशीर्वाद, आणि सोबत एक तातडीचं काम.

आमच्या अथर्वला तिकडे इंग्लंडात, लेस्टरमध्ये, पोलिसांनी उचललं. घाबरू नकोस, सोडलाय, बेलवर आहे. त्याच्याबरोबर घर शेअर करणारा ओवेन म्हणून एक मुलगा आहे. अथर्व किचनमध्ये आजीशी फोनवर बोलत होता आणि हा ओवेन मागे उभा राहून त्याच्या मराठीची नक्कल करत होता. रोजचंच होतं म्हणे. आपल्या बाळाने फोन ठेवला आणि दोन हातांनी त्याला ढकललं. मागे बागेत उतरायच्या पायऱ्या. तो पडला, उजवं मनगट मोडलं. अथर्वच्या कागदावर कलम वीस लिहिलंय, कायदा अठराशे एकसष्ट सालचा. ह्या लोकांना त्यानंतर नवा कायदा करायला सवड मिळाली नाही का?

तुझी प्रमिलाकाकू सकाळपासून देवापुढे बसली आहे. मी मात्र शांत आहे. तुला माझं काम ठाऊक आहे. कंपनीचा पीआरओ, सरकारी कचेऱ्या सांभाळणारा माणूस, म्हणून मी किती केस मिटवल्यात. कामगारांच्या कॅम्पवर दोन पोरं भांडली, एकाचं डोकं फुटलं, की आधी मी पोचतो, पोलीस नंतर. फिर्यादीच्या खोलीवर जायचं, चहा प्यायचा, मारणाऱ्याला समोर उभं करून माफी मागायला लावायची, आणि दोघांना गाडीत घालून पोलीस स्टेशन. तिथे फिर्यादीने तनाजुल लिहून द्यायचं, म्हणजे ‘माझी आता तक्रार नाही’. शिक्का बसला की खलास. आजवर माझ्या हातून एकही तनाजुल सुटलेलं नाही.

तू दुबईत बसून हाच इंग्रजांचा कायदा शिकवतेस. तेव्हा एवढंच सांग, ह्या कागदाला तिकडे काय म्हणतात आणि तो कुठल्या टेबलावर मिळतो. पुढचं मी बघतो.

तुझा
राजाकाका

*

जुमेरा लेक टॉवर्स, दुबई
२० ऑक्टोबर

प्रिय काका,

काल फोनवर तुम्ही बोललात आणि मी ‘हं’ म्हटलं. म्हणून आता लिहितेय. लिहिलं की निदान माझं वाक्य पूर्ण होतं.

तो कागद तिकडे कुठल्याच टेबलावर मिळत नाही. इकडे छोट्या मारामारीत फिर्यादीने माफ केलं की बहुतेक वेळा केस तिथेच संपते. तिकडे केस ओवेनची नाहीच. ती सरकारची आहे. ओवेन उद्या म्हणाला ‘जाऊ दे’, तरी सरकारी वकील म्हणू शकतो, ‘मी नाही जाऊ देत.’

आता कलमं. हा भाग मी दर वर्षी शिकवते आणि मुलं जांभया देतात, तुम्ही देऊ नका. सगळ्यात खाली साधी मारहाण, त्यात लागलं पाहिजे असंही नाही. त्याच्यावर कलम सत्तेचाळीस, तुम्ही हात टाकलात आणि त्यातून इजा झाली. त्याच्यावर वीस, इजा गंभीर. सगळ्यात वर अठरा, गंभीर इजा करायचीच असं ठरवून केलेली. अठराचं नाव कुणी घेतलेलं नाही, हे काकूला आधी सांगा.

आपला सगळा जीव वीस आणि सत्तेचाळीस ह्यांच्यामध्ये अडकलाय. सत्तेचाळीसला ढकलायचं होतं एवढं पुरतं. वीस लावायचं तर ह्यातून समोरच्याला थोडं तरी लागेल हे अथर्वच्या त्या वेळी डोक्यात आलं होतं, असं दाखवावं लागतं. वीस लागलं तर तुरुंगाची भीती जास्त, आणि इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, नोकरी, विसा सगळंच धोक्यात. सत्तेचाळीसही काही सत्कार नाही, पण त्यातून तो उभा राहील. मला खात्री आहे.

दोन गोष्टी पाळा. त्याने फक्त त्याच्या वकिलाचं ऐकायचं. आणि अथर्वने ओवेनशी अजिबात संपर्क करायचा नाही, ती त्याच्या बेलची अट आहे.

तुमची
आभा

*

अबुधाबी
२३ ऑक्टोबर

आभास,

पत्र वाचलं. प्रमिलाला अठराचं सांगितलं, ती जेवली.

तुझं ते ‘डोक्यात काय होतं’ मला फार आवडलं. डोक्यात काय होतं ते डोकंच सांगणार, दुसरं कोण? म्हणून मी अथर्वला म्हटलं, सांग, ओवेनने आधी हात उचलला म्हणून. तर साहेब म्हणतात, ‘डॅड, ही डिडन्ट. ही वॉज जस्ट लाफिंग.’ म्हटलं, बरं, मग सांग की मागे पायऱ्या आहेत हे तुला ठाऊकच नव्हतं. तर म्हणे, ‘आय टेक द बिन्स आउट दॅट वे एव्हरी वीक.’ एवढा खर्च करून मी हरिश्चंद्र शिकायला पाठवला होता हे मला माहीत नव्हतं.

ओवेनशी बोलू नकोस असं त्याला बजावलंय, तू लिहिलंस तसंच. माझी बाजू मी सांभाळतोय. काल अलीमियाँ येऊन गेले. रत्नागिरीचा माणूस, आम्ही दोघं एकाच वर्षी इथे उतरलो. ते म्हणाले, राजाभाऊ, फिकीर करू नका. तूही करू नकोस. आठवड्याभरात इन्शाल्ला गोड बातमी देतो.

राजाकाका

*

जुमेरा लेक टॉवर्स
२४ ऑक्टोबर

काका,

अथर्वला काहीही पढवू नका. कृपा करून. स्वतःला वाचवायला हात उचलला तर कायदा माफ करतो, पण ओवेन हसत होता. हसणाऱ्यापासून कुणी स्वतःला वाचवत नाही. तसं खोटं सांगितलं आणि त्या वेळी किचनमध्ये असलेल्या, त्यांच्या घरातल्या तिसऱ्या मुलाने वेगळं सांगितलं, की अथर्वच्या एकाही शब्दाला किंमत उरणार नाही.

पायऱ्यांचंही तेच. त्या तिथे आहेत हे त्याला माहीत होतं, हे खरं आहे ना? आणि रागाच्या त्या झटक्यात त्याच्या डोक्यात काहीच नव्हतं, हेही खरं असेल तर त्याने दोन्ही सांगावं. माझं ऐका, त्याचं खरं तुमच्या खोट्यापेक्षा मजबूत आहे.

आणि ‘माझी बाजू’ म्हणजे नक्की काय? लगेच कळवा.

आभा

*

जुमेरा लेक टॉवर्स
२ नोव्हेंबर

काका,

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. ते मला लेस्टरच्या वकिलाकडून मिळालं.

अथर्वला काल परत पकडलं. एक दाढीवाला तरुण ओवेनच्या आईच्या दारात गेला. हातात खजुराचा मोठा डबा. म्हणाला, अथर्वच्या कुटुंबाकडून आलोय, ‘फॅमिली इज व्हेरी सॉरी, प्लीज साइन, केस क्लोज.’ त्या बाई घरात एकट्या होत्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि पोलिसांना फोन केला. तो तरुण बाहेर पायरीवर बसून राहिला, त्यांचं मन वळेल म्हणून. त्याचं नाव हम्माद. अलीमियाँचा पुतण्या.

तिकडे ह्याला माफी म्हणत नाहीत, काका. फिर्यादीवर दबाव म्हणतात. बेलच्या अटीत स्वतः किंवा कुणाकरवी, दोन्ही येतं. मी तुम्हाला ‘अथर्वने’ एवढंच लिहिलं आणि तुम्ही त्यातून स्वतःला मोकळं करून घेतलंत. पोलिसांना वाटतंय की माणूस अथर्वनेच पाठवला. हे त्याच्या नावावर राहिलं तर कलम सत्तेचाळीस विसरा.

काय केलंत, अगदी पहिल्यापासून सांगा.

आभा

*

अबुधाबी
३ नोव्हेंबर

आभा,

सांगतो.

मी तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. सरळ गोष्ट आहे.

मला वाटलं, कायदा कुठलाही असो, आई ती आई. मुलगा पडलाय, आणि चार समुद्रांपलीकडून कुणी ‘चुकलं आमचं’ म्हणायला साधा माणूसही पाठवला नाही, हे बरं दिसतं का? मी स्वतः गेलो असतो, पण विसा मिळेपर्यंत थांबवेना. अलीमियाँचा हम्माद तिथे हॉस्पिटलात नर्स आहे, शांत पोरगा. त्याला मीच सांगितलं, कुठे थांबायचं, काय बोलायचं. दार लावलं तरी उठायचं नाही, हेही मीच शिकवलं. इथे दार लावतात, मग अर्ध्या तासाने चहा घेऊन येतात. इथे जो उठून जातो त्याला माफी नको असते, असं समजतात.

त्या बाई घाबरल्या हे वाचून मला कसंतरीच झालं. मी कुणालाही घाबरवायला माणूस पाठवत नाही गं.

आज अलीमियाँ आले. बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, ‘राजाभाऊ, हम्मादचा विसा गेला तर मी भावाला काय तोंड दाखवू?’ ह्या माणसाने माझ्या घरी आजवर कधी पाणी नाकारलं नव्हतं.

अथर्व फोन घेत नाही. काय करू ते सांग. ह्या वेळी जे लिहिशील तेच करीन, त्यात एक अक्षर कमी नाही की जास्त नाही.

राजाकाका

*

जुमेरा लेक टॉवर्स
४ नोव्हेंबर

काका,

मार्ग आहे. अवघड आहे, पण सरळ आहे.

लेस्टरच्या पोलिसांना तुम्ही लेखी जबाब द्यायचा. माणूस मी पाठवला, मुलाला कल्पना नव्हती, हम्मादला काय बोलायचं ते मी सांगितलं, आणि का सांगितलं. तुम्ही मला लिहिलंत तितकंच साधं. पण त्याआधी तिथला स्वतःचा वकील धरा, अथर्वचा नाही, वेगळा. कारण जबाब दिलात की तो गुन्हा तुमच्या अंगावर येऊ शकतो. तुम्हाला इंग्लंडचा विसा नाकारू शकतात. कंपनीला कळलं तर तुमच्या खुर्चीचं काय होईल हेही तुम्हीच जाणता.

अथर्वने वकिलाकरवी निरोप दिलाय, ‘डोन्ट लेट हिम साइन एनिथिंग.’ तुम्हाला वाचवायला बघतोय. तो चिडलेला आहे, पण तुमचाच आहे.

निर्णय तुमचा. मी दोन्हीकडे तुमच्याबरोबर आहे.

आभा

*

अबुधाबी
७ नोव्हेंबर

आभास,

सही केली.

वकील बाईंनी तीनदा विचारलं, ‘आर यू शुअर?’ म्हटलं, मॅडम, आयुष्यभर मी दुसऱ्यांना सही करायला लावलंय, आज माझी पाळी आहे, पेन द्या. कंपनीच्या मॅनेजरलाही मीच जाऊन सांगितलं. बाहेरून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. तो म्हणाला, ‘राजाभाऊ, यू ऑलसो?’

अथर्वला कळव की त्याचा निरोप मिळाला आणि बापाने तो मानला नाही. दोघांत एकतरी हट्टी हवा, आणि तो मान माझा आहे.

राजाकाका

*

जुमेरा लेक टॉवर्स
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय काका,

इतके आठवडे तुम्ही मला एकदाही ‘मी बघतो’ म्हणाला नाहीत. काकू सांगत होती की घर फार शांत झालंय. आता ऐका.

तुमच्या जबाबामुळे खजुराचं प्रकरण अथर्ववरून उतरलं. हम्मादची चौकशी झाली, त्याला सोडलं, त्याच्या नोकरीला आणि विसाला धक्का नाही. अलीमियाँना आजच सांगा. तुम्हाला पोलिसांनी कडक ताकीद दिली आहे, त्यापुढे काही करणार नाहीत.

आणि आरोप ठरला. कलम सत्तेचाळीस. वीस काढलं. अथर्वने चौकशीत दोन्ही सांगितलं, पायऱ्या आहेत हे मला माहीत होतं, पण तेव्हा मी काहीच विचार केला नाही, मला फक्त त्याचं हसणं बंद करायचं होतं. घरातल्या तिसऱ्या मुलानेही तसंच सांगितलं. त्यामुळे ओवेनला लागेल हे अथर्वच्या मनात होतं, असं सरकारी वकिलाला म्हणता येईना.

आता एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. अथर्व गुन्हा कबूल करणार आहे. त्याच्या वकिलाचाही तोच सल्ला आहे आणि माझाही. नक्कल केली म्हणून ढकलायची सूट नाही. ती गोष्ट शिक्षा ठरवताना सांगता येते, सुटायला नाही.

आभा

*

अबुधाबी
१४ फेब्रुवारी

आभास,

अलीमियाँ आले होते. बसले. चहा घेतला. ह्याहून जास्त काही मी तुला सांगू शकत नाही.

कबुलीचं वाचून मात्र माझं डोकं फिरलं. इथे माणूस रक्ताने माखलेला असला तरी आधी ‘मी नाही’ म्हणतो, मग आम्ही पुढे होतो. आणि माझं पोर कोर्टात उभं राहून स्वतःच्या तोंडाने स्वतःला गुन्हेगार म्हणणार? मी फोन लावला. त्याने घेतला. मी वीस वर्षांचा हिशेब काढला, त्याची शाळा, सकाळची बस, आईने भरलेले डबे, सगळं. तो ऐकत राहिला. तुला माहीत आहे, मी मराठीत विचारतो आणि तो इंग्लिशमध्ये उत्तर देतो, आमचं आजवर तसंच चाललंय. त्या दिवशी तो मराठीत म्हणाला, ‘बाबा, मी ढकललं. तुम्ही नाही. मला बोलू द्या.’

प्रमिलाने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि त्याला म्हणाली, ‘बोल तू.’ झालं, घरात मतदान संपलं.

विसाचा अर्ज टाकलाय. त्यात ताकीद मिळाल्याचंही लिहिलंय. मिळाला तर मी जाणार. कोर्टात एक शब्द बोलणार नाही. तू हसत असशील. खुशाल हस.

राजाकाका

*

अबुधाबी
२७ एप्रिल

आभास,

आजचं पत्र मोठं आहे, चहा घेऊन बस.

विसा कसा मिळाला मला माहीत नाही, पण मिळाला. कोर्ट म्हणजे मला मोठा महाल वाटला होता. आपल्या शाळेच्या हॉलसारखं निघालं. निकाल देणारी तीन माणसं वर बसलेली, त्यातली मधली बाई निवृत्त मास्तरीण असावी तशी. अथर्व काचेमागे उभा. कबुली त्याने आधीच दिली होती, त्या दिवशी फक्त शिक्षा.

मग सरकारी वकिलाने ओवेनचं म्हणणं वाचून दाखवलं. तो डेंटिस्टचं शिकतो हे तुला ठाऊक होतं का? मला नव्हतं. इतके महिने मी त्याला ‘फिर्यादी’ म्हणत होतो. मनगट वाकडं जुळलं, परत ऑपरेशन झालं. बारीक हत्यार धरलं की बोटं थरथरतात. परीक्षेचं प्रॅक्टिकल बुडालं, वर्ष गेलं. शेवटी लिहिलं होतं, मी त्याची नक्कल करायचो ते चुकीचं होतं, पण मला माझा हात परत हवाय. तो पलीकडच्या बाकावर आईशेजारी बसला होता, हात मांडीवर ठेवून. मी त्याच्याकडे पाहिलं. पोरगं आहे गं. अथर्वच्याच वयाचं.

शिक्षा झाली. तुरुंग नाही. समाजासाठी बिनपगारी काम, आणि ओवेनला भरपाई. मधली बाई अथर्वला म्हणाली, पहिल्यापासून खरं बोललास ते आम्ही धरलंय. त्याचं कॉलेज त्याला ठेवून घेतंय, रेकॉर्ड राहील, नोकरीत विचारतील, तो सांगेल. माझी मान खाली नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

मी दिवसभर गप्प होतो. अथर्वच्या वकिलाला विचार, साक्षीदार आहे.

बाहेर आल्यावर मी त्या वकिलांना विचारलं, ‘नाऊ खलास? नो कंडिशन?’ ते म्हणाले, बेल संपली, कोर्टाने बोलायची बंदीही घातलेली नाही, तरी मी तुमच्या जागी असतो तर घरी गेलो असतो. म्हटलं, तुम्ही स्वतः जाऊन ओवेनच्या आईंना विचारा, आम्ही दोन वाक्यं बोललो तर चालेल का. नाही म्हणाल्या तर मी ह्याच दाराने बाहेर. ते गेले. बाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मुलाने मान हलवली, मग आम्ही गेलो.

आणि आभा, माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी, राजाभाऊ. अशा वेळी काय बोलायचं हे मी शेकडो लोकांना शिकवलंय. पण दर वेळी समोरच्याकडून काहीतरी घ्यायचं असायचं. ह्या वेळी घ्यायला काही नव्हतं. निकाल लागला होता, पोलिसांची फाइल बंद झाली होती, सही कशावरच नको होती. मग नुसती माफी कशी मागतात ते मला येईना.

अथर्व म्हणाला, ‘आय हर्ट यू. आय ॲम सॉरी, ओवेन.’ एवढंच. मग मी म्हणालो, माझ्या त्या मोडक्या इंग्लिशमध्ये, की तुमच्या दारात माणूस मी पाठवला, तुम्ही घाबरलात, मला क्षमा करा, तुमच्या मुलाच्या हाताबद्दल मला फार वाईट वाटतं. बाईंनी ऐकून घेतलं. ओवेन जमिनीकडे बघत होता. म्हणाला, ‘थँक्स फॉर सेइंग इट.’ आणि ते दोघं गेले.

माफ केलं, असं तो म्हणाला नाही. मीही मागून हाक मारून विचारलं नाही.

तुझा
राजाकाका